सायकलपटूंच्या वाट्याचा संशय

१९९८ सालच्या उन्हाळ्यात अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर उत्तेजक द्रव्यांची दोन प्रकरणे उजेडात आली. ८ जुलै रोजी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर 'फेस्टिना' या व्यावसायिक सायकल संघाचा मालिशवाला विली व्होएट याची मोटार अडविण्यात आली. तिच्यात 'ईपीओ' या औषधाच्या दोनशेहून अधिक मात्रा, वाढीचे संप्रेरक आणि टेस्टोस्टेरॉन असा साठा सापडला. त्यानंतर टूर डी फ्रान्स शर्यतीत पोलिसांनी हॉटेलांवर छापे घातले, खेळाडूंना चौकशीसाठी नेले आणि फेस्टिना संघाची हकालपट्टी झाली. काही संघांनी निषेध म्हणून शर्यत सोडली. डब्लिनहून निघालेल्या १८९ सायकलपटूंपैकी अवघे ९६ जण पॅरिसला पोहोचले.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेत बेसबॉलपटू मार्क मॅग्वायर याच्या कपाटात एका वार्ताहराला अँड्रोस्टेनडायोन या द्रव्याची बाटली दिसली. ऑलिंपिक समितीने बंदी घातलेले हे द्रव्य बेसबॉलमध्ये तेव्हा नियमबाह्य नव्हते. टीकेचा भडिमार झाला तो मॅग्वायरवर नव्हे, तर इतरांच्या कपाटात डोकावणाऱ्या वार्ताहरावर! मॅग्वायरने त्या हंगामात ७० 'होम रन' फटकावून रॉजर मॅरिस याचा १९६१ सालचा ६१चा विक्रम मोडला आणि अवघ्या देशाने तो सोहळा साजरा केला. स्टेरॉइड घेतल्याची कबुली त्याने दिली ती जानेवारी २०१० मध्ये.

एका खेळात पोलीस, दुसऱ्यात पुष्पवर्षाव. उत्तेजकांच्या बाबतीत क्रीडाविश्व दोन मापांनी मोजते, हा सायकलपटूंचा जुना आक्षेप आहे. तो पूर्णपणे खरा नाही, पण पूर्णपणे खोटाही नाही.

संशयाचा उगम

सायकलपटूंवरील संशय आकाशातून पडलेला नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पाच वेळा टूर जिंकणारा फ्रान्सचा जाक आंकेतिल उत्तेजके घेत असल्याचे उघडपणे बोलत असे. १९६६ साली टूरमध्ये चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा खेळाडूंनी शर्यत थांबवून त्यांचा निषेध केला. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९६७ रोजी, ब्रिटनचा टॉम सिम्पसन माँ व्हाँतू या पर्वताच्या चढणीवर कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन सापडले.

१९९०च्या दशकात 'ईपीओ'ने या खेळाचा कायापालट केला. मूत्रपिंडात तयार होणारे हे संप्रेरक लाल रक्तपेशींची निर्मिती वाढवते. मूत्रपिंडाच्या रुग्णांमधील रक्तक्षयावर त्याची कृत्रिम आवृत्ती बनविण्यात आली. लाल पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा वाढतो. तीन आठवडे डोंगर चढणाऱ्या खेळाडूला याहून मोठे वरदान नाही. त्यावर बंदी होती, पण ते शोधणारी चाचणी २००० सालापर्यंत नव्हती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १९९७ साली रक्तातील लाल पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. ती ओलांडणाऱ्याला दोषी न ठरवता 'प्रकृतीच्या कारणास्तव' पंधरा दिवस विश्रांती दिली जाई. चोरी नेमकी किती करावी, याचे जणू प्रमाणच ठरवून मिळाले.

त्यानंतर लान्स आर्मस्ट्राँगचे पर्व आले. १९९९ ते २००५ या काळातील त्याची सातही जेतेपदे २०१२ साली रद्द झाली. अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेच्या निकालपत्रानुसार त्या सात वर्षांत पहिल्या तीन क्रमांकांच्या २१ जागांपैकी २० जागांवरील खेळाडूंचा उत्तेजकांशी संबंध दिसून आला. त्याहून गंभीर बाब स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१५ साली नोंदविली. महासंघाच्या तत्कालीन नेतृत्वाने आर्मस्ट्राँगला झुकते माप दिले होते आणि त्याच्याकडून देणग्याही स्वीकारल्या होत्या. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर प्रेक्षकाने विश्वास कोणावर ठेवायचा? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. प्रश्न एवढाच, की फुंकर फक्त याच पेल्यावर का?

सापडला तो चोर

चाचणीत कोण सापडते, हे कोणाला आणि किती कसोशीने तपासले जाते यावर अवलंबून असते. सायकलिंगने २००८ साली 'जैविक पारपत्र' ही पद्धत लागू केली. तिच्यात विशिष्ट द्रव्याचा शोध न घेता खेळाडूच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जातात आणि त्यांतील अनैसर्गिक चढउतार तपासले जातात. टेनिसने ही पद्धत स्वीकारली २०१३ साली, तर फुटबॉलच्या विश्वचषकात ती आली २०१४ साली.

त्याआधीची तफावत डोळ्यांत भरणारी होती. २०११ या संपूर्ण वर्षात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने स्पर्धाबाह्य काळात घेतलेल्या रक्तचाचण्यांची संख्या होती २१. त्याच वर्षी सायकलिंगमध्ये अशा चाचण्या झाल्या साडेचार हजारांहून अधिक. ईपीओ किंवा रक्तसंक्रमणाचा लाभ प्रामुख्याने स्पर्धांपूर्वीच्या तयारीत उठविला जातो. तेव्हा एकवीस चाचण्यांच्या आधारे एखादा खेळ स्वच्छ आहे असे म्हणणे म्हणजे परीक्षाच न घेता शंभर टक्के निकाल लावण्यासारखे आहे.

चाचण्यांतून सापडतात ते प्रत्यक्ष दोषींच्या तुलनेत फार थोडे, हेही आता स्पष्ट झाले आहे. २०११ साली देगू येथील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत खेळाडूंची नावे पूर्णपणे गुप्त राहतील अशा पद्धतीने सर्वेक्षण झाले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे ४४ टक्के खेळाडूंनी मागील वर्षभरात बंदी असलेल्या उपायांचा अवलंब केला असावा, असा अंदाज निघाला. याउलट त्या स्पर्धेतील चाचण्यांत दोषी आढळलेल्यांचे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का होते. २०१६ सालच्या मॅक्लारेन अहवालाने रशियातील सरकारपुरस्कृत यंत्रणेचा लाभ तीसहून अधिक खेळांतील हजारावर खेळाडूंना झाल्याचे नमूद केले. उत्तेजके ही सायकलिंगची खासगी व्याधी नाही, याला याहून वेगळा पुरावा नको.

डॉ. फ्युएन्तेस यांचे अनामिक रुग्ण

दुहेरी मापदंडाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्पेनमधील 'ऑपरेशन पुएर्तो'. मे २००६ मध्ये पोलिसांनी डॉ. युफेमियानो फ्युएन्तेस यांच्याशी संबंधित ठिकाणांवर छापे घातले आणि रक्ताच्या सुमारे दोनशे पिशव्या जप्त केल्या. त्या वर्षीची टूर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी यान उलरिच, इव्हान बासो आदी प्रमुख खेळाडूंना स्पर्धेबाहेर काढण्यात आले. त्यांपैकी कोणीही चाचणीत दोषी ठरलेला नव्हता. उलरिच व बासो यांच्यावरील संशय पुढे खरा ठरला. पण त्याच दिवशी 'अस्ताना' संघातील पाच जणांची नावेही कागदपत्रांत असल्याचे सांगण्यात आले आणि उरलेल्यांची संख्या अपुरी पडल्याने अख्खा संघ मुकला. ज्याचे नाव कोठेही नव्हते, त्या अलेक्झांडर विनोकुरोव्हलाही घरी परतावे लागले.

खटला उभा राहिला २०१३ साली. आपल्याकडे सायकलपटूंखेरीज फुटबॉल, टेनिस, मुष्टियुद्ध आणि ॲथलेटिक्समधील खेळाडूही येत, असे खुद्द डॉ. फ्युएन्तेस यांनी न्यायालयात सांगितले. नावे मात्र न्यायालयासमोर आली नाहीत. उलट रक्ताच्या पिशव्या नष्ट करण्याचा आदेश निघाला. तो २०१६ साली वरिष्ठ न्यायालयाने फिरविला आणि पिशव्या उत्तेजकविरोधी संस्थांच्या हवाली करण्यास सांगितले. तोवर दहा वर्षे उलटून गेली होती. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा'ने २०१९ साली ११ खेळाडूंची ओळख पटल्याचे जाहीर केले, पण मुदत संपल्याने कारवाई शक्य नव्हती आणि नावेही गुलदस्त्यातच राहिली. सायकलपटूंची कारकीर्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत संपली, तर इतरांची नावे कपाटातल्या कागदांत सुरक्षित राहिली.

एकच द्रव्य, दोन न्याय

२०१० सालच्या टूरचा विजेता अल्बेर्तो कोन्तादोर याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडले. प्रमाण होते दर मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या लक्षकोटी भागांपैकी अवघे पन्नास भाग. दूषित मांसातून ते आल्याचा त्याचा दावा आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने फेब्रुवारी २०१२ मध्ये फेटाळला. दूषित पूरक आहाराची शक्यता लवादाला अधिक वाटली. तरीही दोन वर्षांची बंदी आली आणि जेतेपद गेले.

याच दरम्यान, २०११ साली मेक्सिकोत झालेल्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात तपासलेल्या २०८ नमुन्यांपैकी १०९ नमुन्यांत तेच द्रव्य आढळले. कोणावरही कारवाई झाली नाही. गुरांना हे औषध बेकायदा दिले जाण्याचा प्रकार मेक्सिकोत सर्वश्रुत होता, युरोपात तो दुर्मीळ होता. हा फरक खरा आहे आणि मुलांना निर्दोष सोडले ते योग्यच झाले. पण २०१९ साली नियम बदलला. आता दर मिलिलिटरला पाच नॅनोग्रॅमहून कमी प्रमाण असल्यास थेट दोषी न ठरवता आधी चौकशी केली जाते. कोन्तादोरच्या नमुन्यातील प्रमाण या मर्यादेच्या शंभराव्या भागाइतके होते.

दुसरे उदाहरण ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचे. गुंगीमुळे अपघात होतात म्हणून सायकलिंगने २०१९ साली त्यावर स्वतःहून बंदी घातली. 'वाडा'ची सर्व खेळांसाठीची बंदी लागू झाली १ जानेवारी २०२४ पासून. मधल्या काळात, २०२२ सालच्या टूरमध्ये सहावा आलेला कोलंबियाचा नाइरो किंताना याच्या नमुन्यांत ट्रॅमाडॉल आढळले आणि त्याचा निकाल रद्द झाला. नियमानुसार हा उत्तेजक सेवनाचा गुन्हाच नव्हता. त्याच्यावर शर्यतींची बंदीही नव्हती. तरी २०२३ च्या हंगामासाठी एकाही मोठ्या संघाने त्याला घेतले नाही. जी गोळी फुटबॉलपटूला त्या वर्षी राजरोस घेता येत होती, तिच्यापायी दोन महाशर्यती जिंकलेला खेळाडू वर्षभर घरी बसला.

गोपनीयतेचेही तसेच. जानेवारी २०२१ मध्ये चीनच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडीन सापडले. स्वयंपाकघरातील संसर्गाचे कारण ग्राह्य धरले गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये वृत्तपत्रांनी फोडेपर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. याउलट ख्रिस फ्रूमच्या दम्याच्या औषधाचे प्रकरण गोपनीय असूनही डिसेंबर २०१७ मध्ये बाहेर आले. जुलै २०१८ मध्ये ते निर्दोषत्वाने मिटेपर्यंत तो प्रत्येक शर्यतीत संशयित म्हणूनच उतरला.

आपला तो बाब्या

दुहेरी माप केवळ दोन खेळांमध्येच नाही, खुद्द सायकलिंगच्या घरातही आहे. १९६९ साली एडी मर्क्स इटलीच्या शर्यतीत आघाडीवर असताना चाचणीत दोषी ठरला. बेल्जियममध्ये संतापाची लाट उसळली, संशयाचा फायदा देऊन बंदी उठविण्यात आली आणि त्याच वर्षी त्याने टूर जिंकली. फेस्टिना संघाचा रिशार व्हिराँक दोन वर्षे इन्कार करत राहिला. २००० साली न्यायालयात त्याने कबुली दिली, तरी फ्रेंच प्रेक्षकांचे त्याच्यावरील प्रेम आटले नाही. परदेशी फ्रूमवर मात्र २०१५ साली फ्रान्सच्या रस्त्यावर एकाने मूत्र फेकले, तेही कोणतीही चाचणी विरोधात नसताना.

विजेत्यांच्या यादीतही हीच गंमत. आर्मस्ट्राँगच्या सात वर्षांपुढे विजेत्याची जागा रिकामी आहे. पण १९९६ चा विजेता ब्यार्ने रीस याने २००७ साली ईपीओ घेतल्याचे स्वतः सांगूनही त्याचे नाव कायम आहे. १९९७ चा विजेता उलरिच यादीत आहे आणि १९९८ चा विजेता मार्को पांतानीही. त्याच्या त्या वर्षीच्या नमुन्यांत ईपीओचे अंश असल्याचे फ्रान्सच्या सिनेट समितीने २०१३ साली जाहीर केले होते. मुदतीचे कायदेशीर कारण यामागे आहे. पण सामान्य वाचकाला दिसते ते इतकेच, की एकाच गुन्ह्यासाठी एकाचे नाव पुसले गेले आणि तिघांची राहिली.

या सगळ्यात सर्वाधिक अन्याय झाला तो क्रिस्तोफ बासाँवर. फेस्टिना संघात असूनही उत्तेजकांना नकार देणारा म्हणून त्याची ख्याती होती. १९९९ सालच्या टूरमध्ये तो वृत्तपत्रांत मोकळेपणाने लिहू लागला. तेव्हा आर्मस्ट्राँगने धावत्या शर्यतीत त्याला गाठून खेळ सोडण्यास सुनावले. सहकाऱ्यांनी अबोला धरला आणि तो अर्ध्यावरच घरी परतला. खोटे बोलणाऱ्यांना मानपत्रे आणि खरे बोलणाऱ्याला वनवास, असा तो काळ होता.

वेगाचे गणित

हल्ली संशयाचे नवे साधन म्हणजे आकडेमोड. चढणीची लांबी, उंची, वेळ आणि खेळाडूचे वजन यांवरून त्याने शरीराच्या दर किलोमागे किती वॅट शक्ती लावली याचा अंदाज बांधला जातो. त्याचा उपयोग आहे, पण मर्यादाही आहेत. २०१५ साली एका फ्रेंच दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रूमची शक्ती किलोमागे ७.०४ वॅट असल्याचे सांगण्यात आले. त्याच्या संघाने मोजणीयंत्रातील नोंद जाहीर केली, ती होती ५.७८. संघाचा आकडा तरी निखालस खरा कशावरून, असे कोणी म्हणेल. पण वारा, सायकलचे वजन आणि टायरचे घर्षण ठाऊक नसताना काढलेला आकडा पुरावा ठरत नाही, एवढे निश्चित.

२०२३ साली योनास व्हिंगेगार्ड याने २२ किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत तादेइ पोगाचार याला एक मिनिट ३८ सेकंदांनी मागे टाकले. २०२४ साली पोगाचारने प्लातो दे बेय ही चढण पांतानीच्या १९९८ मधील वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पार केली. दोघांनाही पत्रकार परिषदेत उत्तेजकांविषयी विचारले गेले आणि दोघांनीही उत्तरे दिली. हलक्या व वारा कापणाऱ्या सायकली, सुधारलेले टायर, शर्यतीत तासाला शंभर ग्रॅमहून अधिक कर्बोदकांचे सेवन ही कारणे सांगितली जातात. ती पुरेशी आहेत की नाहीत, यावर तज्ज्ञांत दुमत आहे. दोघांपैकी कोणीही चाचणीत दोषी ठरलेला नाही.

याउलट ऑक्टोबर २०२४ मध्ये केनियाच्या रूथ चेपनगेटिच हिने शिकागो मॅरेथॉन २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांत धावून महिलांचा विश्वविक्रम केला. तेव्हा हाच प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला असभ्य ठरविण्यात आले. २०२५ साली चेपनगेटिच चाचणीत दोषी ठरली आणि तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. सायकलिंगमध्ये जो प्रश्न शिष्टाचार आहे, तो ॲथलेटिक्समध्ये अपमान ठरला होता.

आपल्या अंगणात

हे सारे परदेशाचे म्हणून सोडून देता येणार नाही. खेळाडूने आपला ठावठिकाणा आधीच कळवावा, म्हणजे केव्हाही चाचणी घेता येईल, हा 'वाडा'चा नियम सायकलपटू मुकाट्याने पाळत आले. २००७ साली मिखाएल रासमुसेन टूरमध्ये आघाडीवर असताना केवळ ठावठिकाण्याविषयी खोटी माहिती दिल्यावरून संघाने त्याला घरी पाठविले. २००९ साली हाच नियम भारतीय क्रिकेटपटूंनी सुरक्षा व खासगीपणाचे कारण देऊन नाकारला. क्रिकेट नियामक मंडळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि देशातील बहुसंख्य चाहत्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था 'नाडा'चे अधिकारक्षेत्र मंडळाने मान्य केले ते ऑगस्ट २०१९ मध्ये.

त्याच्या काही दिवस आधी मुंबईचा सलामीवीर पृथ्वी शॉ याच्यावर आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली होती. फेब्रुवारीत घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन आढळले होते. खोकल्याच्या औषधातून ते आल्याचा खुलासा मंडळाने मान्य केला. तो मान्य करण्याजोगा होताही. टर्ब्युटालिन हे फ्रूमच्या सालब्युटामॉलच्याच गटातील द्रव्य. पण आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खोकल्यावर आपण जितक्या सहज विश्वास ठेवला, तितका फ्रूमच्या दम्यावर कितीजणांनी ठेवला?

संशयाची रास्त कसोटी

म्हणून सायकलपटूंवर संशय घेणे थांबवावे काय? मुळीच नाही. आर्मस्ट्राँगचे बिंग फुटले ते काही चिवट पत्रकारांनी आणि साक्षीदारांनी संशय सोडला नाही म्हणूनच. दोष संशयात नाही, त्याच्या वाटपात आहे. सायकलिंग दोषी खेळ म्हणून एकदा शिक्का मारला, की बाकीचे खेळ आपोआप निर्मळ ठरतात. मग त्यांना रक्तचाचण्या वाढविण्याची गरज भासत नाही, प्रायोजकांना प्रश्न पडत नाहीत आणि प्रेक्षकही निश्चिंत राहतो.

रास्त कसोटी म्हणजे प्रत्येक खेळाला, प्रत्येक देशाच्या खेळाडूला तेच चार प्रश्न विचारणे. स्पर्धाबाह्य रक्तचाचण्या किती होतात? चाचणी घेणारी संस्था त्या खेळाच्या संघटनेपासून स्वतंत्र आहे काय? खेळाडूभोवतीचे डॉक्टर व प्रशिक्षक कोण आहेत? आणि दोषी आढळल्यास निकाल किती दिवसांत, किती उघडपणे लागतो? या प्रश्नांची उत्तरे आज सायकलिंगपाशी अनेक श्रीमंत खेळांपेक्षा अधिक आहेत. ती समाधानकारक आहेत असे नव्हे, पण निदान विचारली तरी जातात. ज्या खेळांत हे प्रश्नच विचारले जात नाहीत, तेथे प्रामाणिक खेळाडूला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचा मार्गही उरत नाही. बासाँसारखे खेळाडू त्या खेळांतही असतील. त्यांच्यासाठी तरी आवडत्या खेळाकडे पाहतानाचे माप आणि सायकलपटूंकडे पाहतानाचे माप एकच असायला हवे.